तळाची मूठ

आमच्या गावी, पलूसच्या अलीकडे, विहिरीत बुडी मारणाऱ्याने तळाला पोचल्याचा पुरावा द्यावा लागतो. नुसतं "पोचलो" म्हणून भागत नाही. तळाची माती मुठीत धरून वर यायचं आणि काठावर बसलेल्यांना मूठ उघडून दाखवायची. माती नाही तर बुडी नाही. हा नियम माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी, आम्हा पोरांना पोहायला शिकवताना घातला. तात्या आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. नियम अजून तोच आहे.

मी पाणी मोजण्याची नोकरी करतो. अकरा वर्षं कोयनानगरला काढली, पुढची सोळा कृष्णेच्या काठावर. नदीत रोवलेल्या पट्टीवरचा आकडा सकाळी वाचायचा, संध्याकाळी वाचायचा, वहीत लिहायचा. पुराच्या दिवसांत तासातासाला. म्हणजे पाण्याच्या वरच्या बाजूची मला बरीच माहिती आहे. आतली बाजू माझ्या चुलतभावाची, भूपालची.

भूपाल तात्यांचा मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, एकोणपन्नासचा. शेती ऊस आणि थोड्या द्राक्षांची. पण पंचक्रोशीत त्याचं नाव आहे ते वेगळ्याच कामासाठी. विहिरीतल्या मोटारीच्या पाइपाला तळाशी फूटव्हॉल असतो. तो गाळात रुतला की मोटार पाणी ओढत नाही. अशा वेळी भूपालला सांगावा येतो. तो एका दमात खाली जातो, गाळ उपसतो, व्हॉल मोकळा करतो. लोक सांगतात, भूपाल तीन मिनिटं पाण्याखाली राहतो. ते खरं नाही. मी स्वतः घड्याळ लावून पाहिलं आहे : दोन मिनिटं चाळीस सेकंद. तेवढ्या वेळात पाण्यावर एक बुडबुडाही येत नाही. नवखा माणूस काठावर असला तर "गेला, गेला" म्हणून ओरडायला लागतो.

माझा धाकटा मेहुणा शीतल लक्षद्वीपमध्ये कडमत बेटावर हवामानाच्या नोंदी घेण्याच्या नोकरीवर होता. त्याने पत्र लिहिलं की इथे पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी नेतात, प्रवाळ दाखवतात, शिकवायला माणूस आहे, वयाची अडचण नाही, डॉक्टरचा दाखला मात्र आणा. बेटावर जायला परवाना लागतो, तोही त्याने काढून ठेवला. आमच्या मंडळींनी बोटीचं नाव काढताच नकार दिला. मी भूपालला विचारलं. तो "कवा निघायचं?" एवढंच म्हणाला.

निघायच्या आदल्या दिवशी विहिरीवर वीसेक माणसं जमली होती. तात्या कट्ट्यावर बसले होते.

"भूपाल, दर्याच्या तळाची मूठ आण रं," ते म्हणाले. "मग मानतो."

"आणतो की. तिथं काय, पाणी खारट हाय, एवढंच."

सगळे हसले. पण शब्द दिला गेला तो वीस माणसांसमोर, हे लक्षात ठेवायला हवं.

बोट आणि बेट

फेब्रुवारी १९९७. मिरजेहून बंगळूर, तिथून कोची, कोचीहून बोट. बोटीत सांगण्यासारखं एकच घडलं. दहा गावांचा पाणबुड्या भूपाल किनारा दिसेनासा झाल्यापासून ओकायला लागला तो कडमत येईपर्यंत थांबला नाही. मला काही झालं नाही.

"पाण्यावर राहायचं काम आपलं न्हाई दादा," तो कठड्याला धरून म्हणाला. "आपलं पाण्यात."

बेटाजवळ पाणी उथळ म्हणून बोट लांब उभी राहते आणि होडीतून उतरावं लागतं. होडी आत शिरली आणि पाण्याचा रंग बदलला. काळसर निळ्याचा मोरपिशी झाला, मग कोवळ्या केळीच्या पानासारखा, आणि काठाशी काहीच रंग उरला नाही. मी शिसं बांधलेली, दर मीटरला गाठ मारलेली दोरी घरून नेली होती. शिसं पांढरं रंगवलेलं. पुरात कृष्णेत ते सोडलं तर चार बोटं खाली गेल्यावर दिसत नाही. इथे दोरी संपेपर्यंत दिसत होतं, आणि ते वाळूवर टेकलं तेव्हा उडालेली धूळही दिसली.

कडमत लांबीला नऊ किलोमीटरच्या आसपास आहे आणि रुंदीला, जिथे सर्वांत रुंद आहे तिथे, अर्ध्या किलोमीटरहून थोडं जास्त. म्हणजे आमच्या इस्लामपूरच्या बाजारापासून स्टँडपर्यंत चालावं आणि दोन्ही टोकांना समुद्र लागावा. डोंगर नाही, ओढा नाही, नदी नाही. सगळीकडे नारळ. सगळी वस्ती मुसलमानांची, वागायला मऊ, आणि गावात आवाज फार कमी.

भूपालने पोचल्यावर पहिली चौकशी विहिरीची केली. शीतलने अंगणातली दाखवली. पाणी हाताच्या अंतरावर. भूपाल कमरेवर हात ठेवून बघतच राहिला.

"ही इहीर हाय का आंघुळीचं घंगाळ?"

पण त्या घंगाळाची मला मौज वाटली. बेटाच्या पोटात पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, आणि समुद्राला भरती आली की विहिरीचं पाणीही चढतं. मी सकाळी आणि दुपारी काठी बुडवून पाहिली. आठ बोटांचा फरक आला. समुद्राशी बांधलेली विहीर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

जेवणाचं सांगतो. बेटावर मुख्य अन्न भात आणि ट्यूना नावाचा मासा. तो उकडून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा कडक करून ठेवतात. आम्ही जैन, त्यामुळे त्यातलं काही नाही. शीतलच्या शेजारीणबाईंनी हे समजून घेतलं आणि सहा दिवस आम्हाला भात, नारळाच्या दुधातली डाळ, केळफुलाची भाजी आणि नारळाच्या वड्या दिल्या. तळायचं तेलही नारळाचं. दुसऱ्या दिवसापर्यंत घशाखाली उतरेना, तिसऱ्या दिवशी मागून घेतलं. आम्ही त्यांना भडंग आणि शेंगदाण्याची चटणी दिली. बाईंनी चटणी चाखून डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा वाटी पुढे केली. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवायची पद्धत आहे. तिथे सूर्य आमच्या गावापेक्षा दहा-बारा मिनिटं उशिरा मावळतो, हे मी पहिल्याच दिवशी घड्याळावर पाहून ठेवलं. जेवणाला तेवढी सवड मिळाली.

उथळ पाणी

शिकवणाऱ्याचं नाव जोसेफ. नौदलात पाणबुड्या होता, मुंबईत सहा वर्षं राहिलेला.

"मला मराठी येते," त्याने पहिल्यांदाच सांगितलं. "भांडणाची मराठी चांगली येते. बाकी थोडी."

बेटाच्या पश्चिमेला प्रवाळाच्या भिंतीने अडवलेलं शांत, उथळ पाणी आहे, त्याला लगून म्हणतात आणि भिंतीला रीफ. आधी दोन दिवस तिथे सराव आणि मग बाहेर, भिंतीच्या पलीकडे. डोळ्यांवर काचेचा मुखवटा, कमरेला शिशाची वजनं, पाठीवर हवेची टाकी आणि टाकीतून आलेली नळी तोंडात दातांनी धरायची. नाकाने काही करायचं नाही. भूपालला चड्डी देऊ केली तर ती त्याने नाकारली. तालमीतला लाल लंगोट तो घरून घेऊन आला होता.

"एकच नियम," जोसेफ म्हणाला. "बाकी विसरला तरी चालेल. श्वास बंद करायचा नाय. कधीच नाय. आत घ्यायचा, बाहेर सोडायचा, आत, बाहेर. थांबायचा नाय."

मी कारण विचारलं. त्याने वाळूत आकडे काढून दाखवलं, आणि आकडे मला लगेच पटले. दहा मीटर खाली पाण्याचा दाब वरच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर हवा घेतली आणि ती कोंडून माणूस वर आला तर ती हवा फुगत फुगत दुप्पट होते. छाती दुप्पट होत नाही. फुप्फुस फाटतं. दीड मीटरवरूनही हा धोका आहे.

मी आयुष्यभर काठावरचा माणूस. मला बुडी मारायची सवय नाही, म्हणून मोडायलाही सवय नव्हती. मुखवट्यात दोनदा पाणी शिरलं, एकदा कान दुखला. नाक दाबून फुंकर मारल्यावर कान मोकळा झाला. पण श्वास चालू राहिला. तासाभरात जोसेफने मला पास केलं.

भूपाल पाण्यात गेला आणि मासळीसारखा फिरला. तळाशी मांडी घालून बसला, उलटा झाला, सुलटा झाला. जोसेफ वरून बघत होता. त्याने माझ्याकडे बघून डोक्याला हात लावला.

"बुडबुडे कुठे?"

पाण्यावर बुडबुडे नव्हते. तीस वर्षांत जे कधी आले नाहीत ते आज कसे येणार? नळी तोंडात होती, टाकीत हवा भरलेली होती, आणि भूपालने खाली जाताना जो एक दम भरला होता त्याच्यावरच तो बसला होता. जोसेफने त्याला दंडाला धरून वर आणलं, तेही हळू, छातीवर बोटं मारत, "सोड, सोड" अशा खुणा करत.

"भाऊ, श्वास!"

"घेतला की जाताना!"

"पुन्हा घ्यायचा!"

"पाण्यात तोंड उघडल्यावर माणूस जगल व्हय?" भूपाल मला म्हणाला. "दादा, ह्या बाबाला कोण तरी शिकवा."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या प्रयत्नापर्यंत भूपाल मनाने तयार होता, डोकं हलवून "व्हय, व्हय" म्हणायचा, दोन श्वास घ्यायचा आणि मग एखादा रंगीत मासा दिसला, काही हाती लागलं की तोंड मिटायचं. हात कामाला लागले की दम आपोआप कोंडला जायचा. त्याचं कामच तसं होतं. विहिरीच्या तळाशी ज्याचा दम सुटला तो मेला.

संध्याकाळी जोसेफने आम्हाला बसवलं. आवाज चढवला नाही.

"तुमचा भाऊ मी बघितलेल्या माणसात पाण्यात सगळ्यात चांगला आहे. आणि सगळ्यात धोक्याचा पण. उद्या सकाळी एकदा बघतो. दहा मिनिटं बुडबुडे चालू राहिले तर परवा रीफवर. नायतर होडीत येऊ शकतो. पाण्यात नाय."

परवाच्या पुढच्या दिवशी आमची बोट होती. म्हणजे संधी एकच.

मी हिशेबाने चालणारा माणूस आहे, मला रीफ बघायचं होतं आणि मी पास होतो. पण होडीच्या काठावर लाल लंगोट नेसून बसलेला भूपाल, आणि त्याने आणायची मूठ आणणारा मी, ही गोष्ट मनात आणून पाहिली आणि ती मला गावात सांगता येईना. तात्यांनी विचारलं असतं, "भूपाल कुठं हुता?"

काथ्या वळणाऱ्या बाई

जेवायला अजून तासभर होता. आम्ही गावातून चालत गेलो. एका घरापुढे एक वयस्क बाई काथ्याचा सुंभ वळत होती. एका टोकाला चाक, ते एक मुलगी फिरवत होती. बाईच्या काखेत भिजवलेला काथ्या. ती बोटांनी तो सोडत सोडत माघारी, पाठीमागे न बघता चालत होती. दोर लांबत गेला की ती मागे, संपला की पुढे येऊन पुन्हा सुरुवात. थांबणं नाही.

त्या संध्याकाळी भूपाल पहिल्यांदा आपण होऊन बोलला.

"आपली मोटंची बैलं अशीच माघारी यायची."

तरुण वाचकांसाठी सांगतो. विजेची मोटार यायच्या आधी विहिरीचं पाणी चामड्याच्या मोठ्या पखालीने काढायचे, ती मोट. बैल उतारावरून पुढे जायचे की भरलेली मोट वर यायची आणि पाटात रिकामी व्हायची. बैल पाय मागे टाकत माघारी यायचे की रिकामी मोट खाली जाऊन पुन्हा भरायची. आमच्या विहिरीवर भूपालने बारा वर्षांचा असल्यापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंत मोट हाकली. मोऱ्या आणि चांद्या अशी बैलजोडी होती.

मी उभाच राहिलो.

"भूपाल, मोट हाकताना मधीच बैल थांबवलेस कधी?"

"खुळा का काय? थांबवलं तर पाट आटतोय. तात्या चाबूक घेऊन आलं असतं."

"बैल माघारी आले की मोट भरती. पुढं गेले की रिकामी हुती. व्हय का न्हाई?"

"व्हय. मग?"

"मग उद्या छातीची मोट कर. दम घेतोस तवा बैल माघारी. सोडतोस तवा बैल पुढं. मोऱ्या-चांद्या थांबवायचे न्हाईत."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग बाईकडे बघितलं. ती पुन्हा चाकापर्यंत आली होती आणि पुन्हा माघारी निघाली होती.

"आन् मोटंवरचं गाणं?" तो म्हणाला. "गाण्याबिगार मोऱ्या चालत न्हवता."

"तोंडात नळी असती. गुणगुण."

दहा मिनिटं

सकाळी भूपाल पाण्यात शिरला. मी किनाऱ्यावर घड्याळ घेऊन, जोसेफ पाण्यात त्याच्या शेजारी. पहिल्या मिनिटात पाण्यावर बुडबुड्यांचा एक घोस फुटला. मग काही नाही. मग दुसरा घोस. मग तिसरा. मोजायला लागलो : मिनिटाला सात. पाचव्या मिनिटाला जोसेफने त्याच्यापुढे एक नाणं वाळूत टाकलं आणि भूपालने ते उचललं. माझी नजर बुडबुड्यांवर. ते थांबले नाहीत. दहाव्या मिनिटाला जोसेफ वर आला, मुखवटा काढला आणि मला विचारलं :

"तो आत काय म्हणत होता? कोणाला शिव्या?"

"बैलांना," मी म्हणालो.

"मग ठीक आहे."

प्रवाळ

पाचव्या दिवशी सकाळी सव्वानऊला आम्ही भिंतीच्या पलीकडे गेलो. होडीवाल्याने नांगर टाकला तो वाळूच्या मोकळ्या जागेत, प्रवाळावर पडू नये म्हणून बघून. जोसेफने शेवटची सूचना केली : काही उचलायचं नाही, काही मोडायचं नाही, कुठे हात लावायचा नाही.

भूपालने हे ऐकलं की नाही, मला कळलं नाही. तो पाण्याकडे बघत होता.

उतरलो. मी दोरीला धरून, दर दोन हातांवर नाक दाबत. खाली गेल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती आवाज. समुद्राचा तळ गप्प नसतो. सगळीकडून तडतड, तडतड, जणू कुणी नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्या फोडतंय. जोसेफने नंतर सांगितलं की ते लहान कोळंबीसारख्या प्राण्यांच्या नांग्यांचे आवाज. त्या तडतडीच्या पलीकडून आणखी एक आवाज येत होता, घोगरा, लांबवलेला : हूऽऽ... हूऽऽ... भूपाल मोट हाकत होता.

प्रवाळ म्हणजे दगड, अशी माझी समजूत होती. दगड असतो, पण तो वाढतो. काही हरणाच्या शिंगांसारखे, काही बाजारातल्या फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे, काही मेजाएवढे सपाट, एकावर एक. प्रत्येकावर बारीक भोकं आणि प्रत्येक भोकात एक जीव. बारक्या निळ्या माशांचा थवा एका शिंगाभोवती होता. हात पुढे केला की सगळे एकदम शिंगाच्या फटीत, हात मागे घेतला की सगळे बाहेर. आमच्या देवळातली पारवंही इतकी शिस्तीत उडत नाहीत.

पोपटासारखी चोच असलेले हिरवे-निळे मासे प्रवाळ कुरतडत होते, त्याचा आवाज नीट ऐकू येत होता. कुरतडलेला दगड त्यांच्या पोटात दळला जातो आणि मागून वाळू होऊन पडतो. बेटावरची पांढरी वाळू बरीचशी तीच. आम्ही पाच दिवस ज्या वाळूवर मोठ्या कौतुकाने अनवाणी चाललो ती काय होती, हे जोसेफने वर आल्यावर सांगितलं तेव्हा भूपाल खूप वेळ आपल्या पायांकडे बघत होता.

एका कपारीपाशी मोठा, करड्या रंगाचा मासा तोंड वासून स्थिर उभा होता. बोटाएवढे दोन निळे मासे त्याच्या जबड्यात शिरून दात साफ करत होते. त्याच्या मागे दुसरा मोठा मासा थांबलेला, पाळी यायची वाट बघत. इस्लामपूरला रविवारी न्हाव्याच्या दुकानात असतो तसा. कपारीतून आमच्या कृष्णेतल्या वांबीसारखा, सापाच्या आकाराचा, पण मांडीएवढा जाड मासा डोकं बाहेर काढून तोंड उघडत-मिटत होता. एक कासव आमच्याकडे ढुंकूनही न बघता वरून गेलं.

पाण्यात लाल रंग खाली उतरत नाही, हेही पाहिलं. भूपालचा लाल लंगोट तळाशी काळपट तपकिरी दिसत होता.

खोलीचं घड्याळ जोसेफच्या मनगटावर होतं. वाळूवर टेकलो तेव्हा ११.६ मीटर. अडतीस फूट. आमच्याकडे विहिरीची खोली परसात मोजतात, एक परस म्हणजे साडेपाच फूट. सात परसाला थोडी कमी. पाणी २८ अंश. नांगराची दोरी खालपासून वर होडीपर्यंत अख्खी दिसत होती, आणि होडीवाला वाकून बघत होता तेही दिसलं.

भूपाल वाळूवर गुडघे टेकून बसला आणि त्याने उजवा हात खाली नेला.

मला लगेच कळलं. जोसेफला उशिरा कळलं. त्याने टाकीवर लोखंडी कांब आपटली, टण् टण्, पण तोपर्यंत भूपालची बोटं वाळूत गेली होती. आणि वाळूच उठली. हाताएवढ्या अंतरावर वाळूत पुरून बसलेला एक चपटा मासा, ताटाएवढा, अंगावर निळे ठिपके, लांब शेपूट, धुळीचा लोट उडवत वर आला आणि भूपालच्या मुखवट्याला जवळजवळ घासून गेला. कोकणात त्याला पाकट म्हणतात, आणि त्याच्या शेपटीला विषारी काटा असतो, हे नंतर कळलं. तेव्हा मला फक्त दोन गोष्टी कळल्या : हूऽऽ थांबलं होतं, आणि बुडबुडे थांबले होते.

मी मोजू लागलो. एक, दोन, तीन. जोसेफ पोहत निघाला. भूपालची मूठ मिटलेली. चार, पाच. आता तो घाबरून वर उसळला तर छातीतली हवा दुपटीहून जास्त होणार होती. सहा, सात. त्याने मान वर केली, होडीकडे. आठ. मी त्याच्या दंडाला धरलं आणि मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून, शेतात बैलाला मागे घेताना करतात तसा, हात मागे हलवला. माघारी, माघारी.

नऊ. बुडबुड्यांचा मोठा लोट फुटला. मग हूऽऽ.

पाकट थोडं पुढे जाऊन वाळूवर बसलं, पंख फडफडवून त्याने अंगावर वाळू ओढून घेतली आणि नाहीसं झालं. फक्त दोन डोळे उरले. भूपाल त्या डोळ्यांकडे बघत राहिला. मग त्याने मूठ उघडली. वाळू हळूहळू खाली गेली. रिकामा पंजा त्याने जोसेफला दाखवला, पाचही बोटं पसरून, आणि दुसरा हातही दाखवला.

वर यायला आम्ही घाई केली नाही. सगळं मिळून चौतीस मिनिटं. टाकीत सुरुवातीला दोनशे दाब होता. माझा साठावर आला होता, भूपालचा एकशे दहावर. जोसेफने आकडा दोनदा वाचला.

"बैल चांगले होते," तो म्हणाला.

आम्ही त्याला तासगावच्या बेदाण्यांची पुडी दिली.

विहिरीवर

गावी पोचलो त्या दुपारी विहिरीवर पुन्हा तीच माणसं. तात्या कट्ट्यावर.

"मूठ दाखव," तात्या म्हणाले.

भूपालने हात पुढे केला. "रिकामी हाय."

"मग तळाला पोचला कशावरनं?"

मी वही उघडली. खोली, वेळ, तपमान, हवा, सगळं वाचून दाखवलं. तात्यांनी वही हातात घेतली, मागून-पुढून पाहिली.

"हिला माती लागलीया का?"

लोक हसले. भूपाल खाली बघत होता. मग त्याने सांगितलं की तिथं काही उचलायचं नसतं, आणि का ते समजवायला पाकटाचं सांगितलं. गोष्ट लोकांना आवडली. पण पुरावा नव्हता. तात्यांच्या तोंडावर ते दिसत होतं.

"बरं," भूपाल म्हणाला. त्याने सदरा काढला, धोतर काढलं आणि लाल लंगोटावर विहिरीत सूर मारला. विहिरीत तीन परस पाणी होतं. मी सवयीने घड्याळ पाहिलं.

आठ सेकंद झाले आणि पाण्यावर बुडबुड्यांचा घोस फुटला.

तात्या कठड्यावर वाकले. पुन्हा एक घोस. मग तिसरा. तीस वर्षांत त्या विहिरीवर भूपालचा बुडबुडा कुणी पाहिला नव्हता. एक जण ओरडला, "बुडाला, उड्या टाका!" पण तात्यांनी हात वर केला. त्यांचं तोंड हळूहळू पसरत होतं.

अठ्ठावन्न सेकंदांनी भूपाल वर आला, धापा टाकत. मुठीत काळी माती होती. तात्यांच्या पुढे धरली. तात्यांनी मातीकडे पाहिलंच नाही.

"बुडबुडं सोडत हुतास लेका."

"ध्यानातच राहिलं न्हाई तात्या. सवय लागली."

"असलं खूळ आपल्या इहिरीत कुणी शिकिवलं न्हाई," तात्या लोकांकडे वळून म्हणाले. "गेला हुता ह्यो. खरंच तळाला गेला हुता."

मी आकडा वाचून दाखवला, अठ्ठावन्न. कुणीतरी खुसफुसलं की आता फूटव्हॉल काढायला दुसरा माणूस बघा. भूपालने कान टवकारले, मूठभर माती कट्ट्यावर आपटली आणि पुन्हा काठावर उभा राहिला.

"दादा, पुन्यांदा मोजा," तो म्हणाला. "ह्या बारीला बैल थांबिवतो."